चावी काढली तरी चालू

माझ्या बाच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे एक लाकडी फळी होती.

पेणच्या पश्चिमेला खाडीकाठी आमचं गाव. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध. या बांधात पाण्यासाठी जे दार ठेवतात त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. वरून लटकवलेली जाड फळी, बस. भरतीला खाडीचं पाणी फळीला दाबतं, दार मिटतं, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तीच फळी ढकलून बाहेर पडतं. तिथे माणूस उभा राहावा लागत नाही.

मी दुसरीत असताना वाहून आलेला एक ओंडका त्या दारात अडकला. फळी मिटली नाही. लागोपाठ उधाण आलं आणि दारापासून सुरुवात करून बांधच खाडीत गेला. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा. आमच्या खाचरात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, फिरायला लागल्या. आई आणि बा मिठागरावर कामाला जायला लागले. आई चप्पल घालत नसे, कारण चपलेत मिठाचा खडा शिरला की भेगेत रुततो. अनवाणी चाललं की निदान पाय झटकता येतो. घरात जेवायला कमी पडलं असं नाही, खाडी काहीबाही देतच होती. पण भात पिकवणाऱ्या घरात तांदूळ पेणच्या बाजारातून आणायचा, याची बाला लाज वाटायची. पिशवी घेऊन तो गावाच्या मागच्या वाटेने यायचा.

त्या घरातून मी बी.एस्सी. झाले. फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, आणि हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. निकाल लागला तेव्हा बाने विचारलं, "वने, फिजिक म्हंजे काय गो?" मी म्हटलं, उघाडीची फळी मिटते कशी, ते. तो म्हणाला, "मंग त्यात तीन वर्सं कशाला घालवलीस? मना इचारायचं."

तर पेणला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे. पाटीवर 'वनिता म्हात्रे, बी.एस्सी.' असं लिहिलंय आणि खाली 'जुन्या गाड्यांचे व्हॅक्यूम व इलेक्ट्रिक काम'. गॅरेजच्या पाटीवर बी.एस्सी. बघून लोक हसतात. हसू देत. डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, मी का नाही लिहायचं?

या कामाला मी आले रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतून. तिथे मी इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. केमिकलच्या कारखान्यात पाइपांचं जंगल असतं आणि प्रत्येक वळणावर एखादा वाल्व्ह. तो हाताने फिरवायला सगळीकडे माणूस ठेवता येत नाही, म्हणून सोलेनॉइड. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं. वीज दिली की त्याचं चुंबक होतं आणि आतला लोखंडी दांडा खट् करून खेचला जातो. वीज काढली की स्प्रिंग दांडा परत ढकलते. वाल्व्ह उघडला किंवा मिटला. याहून जास्त त्यात काही नाही.

आमच्या खात्याचे प्रमुख दामले साहेब. नवीन माणूस रुजू झाला की त्याला ते एकच प्रश्न विचारत. मलाही विचारला होता. हातात वाल्व्ह दिला आणि म्हणाले, "म्हात्रे, वीज गेली तर हा कुठे जाणार?" वीज असताना वाल्व्ह काय करतो हे कोणीही सांगेल, नसताना काय करेल हे ज्याला सांगता येईल त्यानेच तो बसवावा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या प्लँटमध्ये उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असे. वाफ बंद, कच्चा माल बंद. वीज गेली की बंद. साहेबांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आजही घरातला दिवा गेला की मला तेच आठवतं.

पुढे आमचं खातं कंत्राटी झालं. साहेब त्याआधीच निवृत्त होऊन रोह्यात राहत होते. मी हिशेब घेऊन बाहेर पडले आणि पेणला अन्वरभाईंच्या शेडमध्ये अर्धी जागा घेतली. अन्वरभाई जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. इंजिन नुसतं ऐकून आजार सांगतात. पण जुन्या परदेशी गाड्यांतल्या रबरी नळ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "वनिताताई," ते म्हणत, "ये गाडी है का अस्पताल? जिथं बघावं तिथं नळी."

वाचकांना या नळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. पेट्रोलचं इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीला व्हॅक्यूम म्हणतात. जुन्या काळच्या गाडी बनवणाऱ्यांनी विचार केला की ही ओढ फुकट मिळतेय तर तिच्याकडून कामं करून घ्यावीत. म्हणून इंजिनापासून गाडीभर बारीक नळ्या नेल्या. नळीच्या टोकाला डबी, डबीत रबरी पडदा. ओढ आली की पडदा खेचला जातो आणि त्याला जोडलेलं कुलूप लागतं, झाकण उघडतं, काय हवं ते होतं. ओढ कुठल्या नळीत सोडायची हे ठरवतो तो व्हॅक्यूम स्विच. विजेचा नाही, हवेचा स्विच. नवा असताना हा प्रकार फार सुंदर चालतो. दार लागताना नुसता सुस्कारा ऐकू येतो. पण रबर म्हातारं होतं, त्याला चिरा पडतात, स्विच आतून गळायला लागतो आणि नवा कुठे मिळत नाही. मग मी तो स्विच काढते आणि त्याच्या जागी सोलेनॉइड बसवते. नळ्या आणि डब्या जुन्याच, फक्त ओढ कुणीकडे सोडायची हे वीज ठरवते. सुस्काऱ्याच्या जागी खट् असा आवाज येतो. याचं मला वाईट वाटतं, पण तो सुस्कारा परत आणणं माझ्या हातात नाही.

अलिबागच्या बाजूला बंगला असलेले एक गृहस्थ अमेरिकन गाडी घेऊन आले होते. तिचे पुढचे दिवे झाकणांच्या आड असत आणि दिवा लावला की झाकणं व्हॅक्यूमने उघडत. म्हणजे उघडायला हवीत. त्यांच्या गाडीचं एक झाकण उघडे आणि दुसरं सवड मिळाल्यावर उघडे. भर रस्त्यात ती गाडी समोरच्याला डोळा मारी. एका लग्नाच्या वरातीत त्यावरून भांडण होता होता राहिलं म्हणे. त्यांना काम हवं होतं, पण गाडी ओरिजिनल राहायला हवी होती. वायर दिसता कामा नये, आवाज येता कामा नये. मी म्हटलं, साहेब, मग डोळा मारू द्या तिला. शेवटी तयार झाले. तिथे मी वीज गेल्यावर झाकणं उघडी राहतील अशी जोडणी केली, कारण अंधारात झाकण मिटलं तर माणूस खड्ड्यात जाईल. आणि जुना स्विच पिशवीत घालून डिकीत ठेवला. हा माझा नियम. काढलेली वस्तू मालकाला परत.

दुसरा नियम, गाडी परत देताना मालकाला शेजारी बसवून मी माझी वीज स्वतः तोडून दाखवते. माझं काम बिघडल्यावर तुमची गाडी काय करेल, हे तुम्ही माझ्यादेखत बघा. पुष्कळांना हे आवडत नाही. चांगल्या कामाला दृष्ट लावल्यासारखं वाटतं त्यांना.

आता गुप्तेबाई.

गुप्तेबाई रोह्याच्या. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे यजमानांनी हौसेने घेतलेली जुनी जर्मन डिझेल गाडी. यजमान गेले आणि बाईंनी त्या वयात चालवायला शिकून घेतली. बहिणीकडे नागोठण्याला, बँकेत, बाजारात, पेणला डॉक्टरांकडे, सगळीकडे त्याच गाडीने. एकट्या.

या गाडीची गंमत अशी की तिचं इंजिन बंद करायलाही व्हॅक्यूम लागतो. डिझेल इंजिनात ही ओढ आपोआप मिळत नाही, ती तयार करायला इंजिनावर वेगळा पंप असतो. डिझेल इंजिनाला विजेची ठिणगी लागत नाही, त्यामुळे चावी काढून वीज तोडली तरी ते आपलं चालूच राहतं. ते थांबवायचं तर त्याचं डिझेल तोडायला हवं. या गाडीत ते काम एक रबरी पडद्याची डबी करते, आणि तिला ओढ सोडणारा स्विच चावीच्या मागे असतो. शिवाय दारांची कुलपंही त्याच नळ्यांवर. म्हणजे मागच्या दाराचं कुलूप गळायला लागलं की इंजिन बंद होत नाही. अन्वरभाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मागच्या दाराकडे बघत बसले.

बाईंच्या गाडीचं तेच झालं होतं. चावी काढून पर्समध्ये टाकली तरी इंजिन चालू. बॉनेटखाली एक लाल खटका असतो, तो दाबला की बंद. त्यामुळे बाई बाजारात गाडी उभी करत, उतरत, पदर खोचत, बॉनेट उचलत आणि खटका दाबत. रोज. कोपऱ्यावर भाजी विकणारी आगरीण त्यांना बघून म्हणायची, "बाय, तुमचा घोडा आयकत नाय वाटतं." कधी बाईंचे हात भरलेले असले तर तीच उठून दाबायची.

हे बघून त्यांच्या समोरच्या घरातल्या एका सद्गृहस्थांनी गाडीला सोलेनॉइड बसवून दिला. चावी फिरवली की इंजिन बंद. बाई खूश. सगळा पावसाळा छान गेला. आणि मग एक दिवस नागोठण्याच्या पुलावर, गाडी चालू असताना, इंजिन आपोआप बंद पडलं. या गाडीचं इंजिन थांबलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड. मागे ट्रक. बाईंनी सगळा जोर लावून गाडी कठड्याला आणली आणि ट्रकवाल्याने कशीबशी बगल दिली. तोच उतरून आला, त्याने बॉनेटखाली पाहिलं, सोलेनॉइडची नळी उपटून टाकली आणि म्हणाला, आता जाईल माताजी. गेली. पण परत लाल खटका आला.

पुण्यातल्या मुलाला, मंदारला, हे कळलं. त्याने गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "वनिता, मला रिक्षाने फिरता येतं. प्रश्न तो नाही. एकदा ही गाडी गेली की मी कुठे जायचं हे मंदार ठरवणार. मी जागेवर बसून इंजिन बंद करू शकले पाहिजे, आणि मी सांगेपर्यंत ते बंद होता कामा नये. होईल का?"

मी बॉनेट उघडलं. सोलेनॉइड फार सुबक बसवला होता. तारा एकसारख्या बांधलेल्या, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला नंबराचं बारीक पिवळं कडं, म्हणजे फेरूल. अशी कडी गॅरेजवाला कधी घालत नाही. ती कारखान्याच्या पॅनेलमध्ये घालतात, शंभर तारांत आपली तार सापडावी म्हणून. इथे तारा होत्या दोन. त्यांवरचे आकडे डावीकडे झुकलेले होते. ते अक्षर मला ओळखीचं होतं. मी बाईंना विचारलं, समोर दामले राहतात का? म्हणाल्या, हो, तुला कसं कळलं?

साहेबांची एक तार बॅटरीजवळच्या पत्र्यावर घासून तुटली होती. कारखान्यातलं पॅनेल भिंतीवर असतं, ते हलत नाही. गाडी सतत थरथरते. पण खरी गोष्ट तार तुटण्याची नव्हती. तार कोणाचीही तुटते. तुटल्यावर काय होईल हे साहेबांनी अगदी विचार करून ठरवलं होतं. वीज आहे तोवर इंजिन चालू, वीज गेली की बंद.

मी ते सगळं काढलं. त्याची बातमी रोह्याला पोचली, कारण दोन दिवसांत साहेब स्कूटरवरून पेणला हजर. शेडमध्ये आले, पाटीकडे पाहिलं. मग बाकावर ठेवलेला आपला सोलेनॉइड उचलला.

"काय चूक आहे याच्यात?"

"कामात काही नाही, साहेब. उत्तर चुकलंय."

"वीज गेली की बंद. मीच शिकवलं ना तुला?"

"तुम्ही प्रश्न शिकवलात. उत्तर धाटावचं दिलंत. धाटावचा रिअॅक्टर जागेवर उभा असतो. बाई पुलावर होत्या आणि मागे ट्रक होता."

अन्वरभाईंनी पान्यांची पेटी उगाचच आवरायला घेतली. साहेबांनी सोलेनॉइड फिरवून पाहिला.

"आणि तुझी तार तुटली, इंजिन बंदच झालं नाही, तर?"

"तर बाई पदर खोचतील आणि लाल खटका दाबतील. इतकी वर्षं तेच करत होत्या."

साहेबांनी सोलेनॉइड परत बाकावर ठेवला. चहा सांगितला होता, तो यायच्या आत ते निघून गेले. अन्वरभाई म्हणाले, "ताई, थोडं गोड बोलली असतीस तर काय वीज गेली असती?" मला गोड बोलता येत नाही हे खरंच आहे. साहेबांना ते वाक्य इतक्या सरळ ऐकवायला नको होतं असं पुढे वाटलं, पण दुसरं कसं सांगायचं हे अजूनही सुचलेलं नाही.

मी जी जोडणी केली ती अगदी साधी होती. बंद करणाऱ्या डबीला पंपापासून स्वतंत्र नळी दिली, म्हणजे दारांच्या कुलपांशी तिचा संबंध तुटला. मध्ये सोलेनॉइड. आणि त्याला वीज कधी मिळणार, तर स्टिअरिंगच्या बाजूचं बटण दाबून धरल्यावरच. चावी फिरवायची, बटण दाबायचं, इंजिन थांबलं की सोडायचं. तार तुटली, फ्यूज उडाला, बॅटरी उतरली, तर काहीच होणार नाही, इंजिन चालत राहील. लाल खटक्याला मी हात लावला नाही. तार रबरी नळीतून नेली आणि पत्र्यापासून लांब बांधली. बटण बघून बाई म्हणाल्या, "हे दारावरच्या बेलचं दिसतंय." होतं तसंच. चांगल्या प्रतीचं होतं.

गाडी द्यायला मी स्वतः रोह्याला गेले. मंदार पुण्याहून आला होता. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने आधीच सांगितलं, की एकदा इलेक्ट्रिकचा प्रयोग करून झालाय, दुसरा माझ्या आईवर नको. मी म्हटलं, प्रयोगच करायचाय, बसा मागे. आम्ही निघणार तेवढ्यात समोरच्या घराचं फाटक वाजलं. दामले साहेब आले, मागचं दार उघडलं आणि मंदारच्या शेजारी बसले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, कुठे जायचं? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथे. त्यांनी गाडी नागोठण्याच्या रस्त्याला घातली. पूल आला. बाईंनी आरशात पाहिलं, मागे मोटरसायकलवरचे शिफ्टचे लोक होते. मी डॅशबोर्डखाली हात घातला आणि फ्यूज उपटून हातात धरला.

गाडी पुलावरून गेली. अंबा नदी खालून गेली. पलीकडे बाजूला घेतल्यावर मंदारने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही झालं. तेच दाखवायचं होतं."

परत रोह्याला घरासमोर आलो. फ्यूज अजून माझ्याच हातात होता. बाईंनी चावी फिरवली, बटण दाबलं. इंजिन चालूच. मंदारने माझ्याकडे पाहिलं. बाई मात्र उतरल्या, पदर खोचला, बॉनेट उचललं आणि लाल खटका दाबला. इंजिन थांबलं. मग येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता तुझा फ्यूज लाव." मी लावला. गाडी चालू केली. चावी, बटण. एक बारीक खट् झालं आणि इंजिन थांबलं. जागेवरून.

इतक्या वेळात साहेब पहिल्यांदा बोलले. "फ्यूज किती अँपिअरचा?"

"पाच."

"तीन पुरला असता."

त्यांचं बरोबर होतं. माझ्या पेटीत तीनचा होता. मी तिथेच पाचचा काढून तीनचा लावला, आणि त्यांनी वाकून तो नीट बसलाय का ते बोटाने दाबून पाहिलं. मग म्हणाले, "तारेला फेरूल नाही घातलंस." मी म्हटलं, एकच तार आहे साहेब. "एक असली तरी घालावं," ते म्हणाले आणि घरात गेले. पुढच्या आठवड्यात गाडी पेणला आली तेव्हा माझ्या तारेच्या दोन्ही टोकांना पिवळी कडी होती आणि त्यांवर डावीकडे झुकलेला एक आकडा. मी ती काढलेली नाहीत.

मंदारने गिऱ्हाइकाला नकार कळवला. जाताना आईला म्हणाला, अंधार पडल्यावर मात्र चालवायची नाही. बाई म्हणाल्या, ते मी बघेन.

त्यानंतर तशा जर्मन गाड्या आमच्याकडे आणखी आल्या. सगळ्यांना मी बेलचंच बटण लावते.

गुप्तेबाई आजही रोह्याहून पेणला स्वतः गाडी चालवत येतात. आमच्या पाटीखाली उभी करतात, चावी फिरवतात, बटण दाबतात, आणि पदर न खोचता उतरतात.